जास्तीचा ठिपका

पिंपळखुटे भाऊजी कुणाच्याही घरी चहाला गेले की चहा ओतण्याआधी रिकामा कप हातात घेत. तो उजेडाकडे धरून फिरवत, कडेवरून बोट नेत, मग कानाजवळ आणून नखाने एक टिचकी मारत आणि म्हणत, "पास." क्वचित म्हणत, "रिजेक्ट." रिजेक्ट झालेल्या कपातून चहा प्यायला त्यांची काही हरकत नसे, घरच्या बाईला ते कळावं एवढंच त्यांचं म्हणणं. खमरियाच्या दारूगोळा कारखान्याच्या क्वार्टर्समधल्या निम्म्या बायकांनी त्यांच्यासाठी एक चांगला कप वेगळा ठेवला होता आणि उरलेल्या निम्म्या ते येताना दिसले की चहाची वेळच झाली नाही असं दाखवत. मी पहिल्या निम्म्यातली. माझा निळ्या फुलांचा कप इतकी वर्षं पास होत गेला की मला त्याचा गर्वच झाला होता.

भाऊजी कारखान्यात निरीक्षण विभागात चार्जमन होते. तोफगोळ्याच्या टोकाशी बसणारे छोटे छोटे पितळी भाग भिंगाखाली धरायचे, चरा दिसला, फट दिसली की बाजूला काढायचे, हे त्यांचं दिवसाचं काम. माझे यजमान त्याच कारखान्यात, पण कचेरीत. लग्न होऊन मी नागपूरहून इथे आले तेव्हा शेजारच्या क्वार्टरमधून सगळ्यांत आधी हेच आले, मागे वाटीभर साखर घेऊन त्यांच्या बायको, शकूताई. भाऊजींनी दारातच माझ्याकडे नीट पाहिलं, यांच्याकडे पाहिलं आणि शकूताईंना म्हणाले, "जोडा पास आहे." मला असा राग आला! माहेरी मला कुणी भिंगाखाली धरलं नव्हतं. शकूताई हळूच म्हणाल्या, "मनावर नको घेऊ गं. माझ्या मांडवात माझ्या बापाला हेच सांगितलं होतं यांनी."

त्यांच्या सेक्शनमध्ये एक रीत होती. एकाने तपासलेला भागांचा डबा दुसऱ्यानेही तपासायचा, आणि पहिल्याला काय दिसलं ते दुसऱ्याला कळू द्यायचं नाही. भाऊजींना ती रीत देवाधर्मासारखी होती. "सांगितलं की डोळा ऐकायला लागते," ते म्हणत. "मग तो पाहत नाही." घरीसुद्धा तेच. भाजीत मीठ कमी आहे असं वाटलं तरी शकूताईंनी चव घेईपर्यंत ते गप्प बसत. दुसऱ्या डोळ्याचं एवढं कौतुक करणाऱ्या या माणसाला स्वतःच्या डोळ्याचा मात्र भारी अभिमान. "माझ्या नजरेखालून गेलेला डबा आजवर परत नाही आला, वहिनी," हे त्यांनी मला किती वेळा ऐकवलं असेल!

दिवसभर ज्या डोळ्याने पितळ पाहायचं त्याच डोळ्याने संध्याकाळी आकाश पाहायचं, हा त्यांचा छंद. कॉलेजात शिकताना कुणा प्राध्यापकांनी एकदा शनीची कडी दाखवली आणि हे कायमचे बिघडले, असं शकूताईंचं मत. त्यांनी स्वतः घासून सहा इंची आरसा केला होता. अंगणात एक पिंप उभं करून त्यावर काचेची चकती ठेवायची आणि पिंपाभोवती फिरत फिरत दुसऱ्या काचेने ती घासायची. आठवड्यांमागून आठवडे हे त्या पिंपाला प्रदक्षिणा घालत राहिले. शहरातल्या बड्या फुहाऱ्याच्या, म्हणजे कारंज्याच्या चौकाच्या, मागच्या गल्लीतल्या पत्रेवाल्याने नळी करून दिली. तो पत्रेवाला पुढे प्रत्येक भेटीत विचारायचा, "भैया, उस पाइप से पानी बराबर आ रहा है ना?" भाऊजी म्हणायचे, "बराबर आ रहा है." दुर्बीण म्हणून सांगायचा त्यांना संकोच वाटे.

माझा या सगळ्याशी संबंध आला तो रांगोळीमुळे. मला ठिपके मोजून टाकता येत नाहीत. चिमटीतून पीठ सोडत जायचं आणि नजरेनेच ओळ धरायची, ही माझ्या आईची सवय माझ्या हातात आली. एकाहत्तर सालच्या दिवाळीत भाऊजी माझ्या दारातल्या रांगोळीपाशी उकिडवे बसले आणि बराच वेळ उठेनात. मला वाटलं, कप झाले, आता रांगोळी.

"मोजत काहून नाही तुम्ही?"

"मोजायला लागले की चुकतं."

"अच्छा," ते म्हणाले आणि तसेच बसून राहिले. त्या संध्याकाळी शकूताईंनी मला अंगणात बोलावून नेलं. दुर्बीण दक्षिणेकडे, तिमिंगल नावाच्या तारकासमूहाकडे लावलेली. "काय दिसते ते पहा जी. मी काही नाही सांगणार." मी पाहिलं. मधे पुसट डाग, कुणी ओल्या बोटाने पुसल्यासारखा. त्याच्या वर दोन ठिपके, खाली दोन, दोन्ही बाजूंना एकेक. खालचा डावीकडचा सगळ्यांत मंद. मी म्हटलं, "हे तर कमळ काढायला ठिपके टाकलेत कुणीतरी. जरा वाकडं आहे." भाऊजी खूश झाले. तो डाग म्हणजे एक दीर्घिका होती, आपल्या आकाशगंगेसारखंच ताऱ्यांचं दुसरं गाव, इतकं लांब की त्याचा उजेड निघाला तेव्हा पृथ्वीवर माणूस नव्हता. मला अंतराचं काही वाटलं नाही, खोटं कशाला बोलू. पण ते वाकडं कमळ मनात राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते तसंच्या तसं दारात टाकलं. भाऊजी शिफ्टला निघाले होते, सायकल धरून थांबले आणि म्हणाले, "वहिनी, तुमचा डोळा पास आहे. एकदम पास."

नंतर डिसेंबरात लढाई सुरू झाली. पूर्वेला बांगलादेश व्हायचं होतं आणि इकडे आमचा कारखाना दिवसरात्र चालू. खिडक्यांना काळे कागद, सायकलच्या दिव्याच्या वरच्या अर्ध्यावर काळा रंग, संध्याकाळी भोंगा झाला की सगळीकडे अंधार. पहिल्या काही संध्याकाळी चांदणं होतं, त्यामुळे दिवे घालवूनही क्वार्टर्स दिसतच राहिल्या. मग चंद्र उशिरा उगवू लागला आणि खमरिया नाहीसं झालं. घरं गेली, रस्ते गेले, समोरची चिंच गेली. राहिलं ते आकाश, थेट कुंपणापर्यंत खाली आलेलं.

भीती होतीच. माझा दीर आघाडीवर होता, त्याची खुशाली कळून बरेच दिवस झाले होते. तरीही त्या संध्याकाळी आठवल्या की मला आजही गुंगी आल्यासारखं होतं. आम्ही बायका अंगणात सुपं घेऊन बसायचो आणि अंधारात बोटांनीच मटार सोलायचो. कुणाचं तोंड दिसत नसे. आवाज आपोआप लहान झाले होते. घोंगडीआड ठेवलेल्या कुणाच्या तरी रेडिओतून बातम्या पुटपुटल्यासारख्या येत, शेंग तडकण्याचा आवाज त्याहून मोठा वाटे. वर बघितलं की आपण खाली बसलो आहोत हेच विसरायला होई. आकाशगंगा मी त्याआधी चित्रात पाहिली होती. इथे ती शकूताईंच्या धुण्याच्या दोरीवर वाळत घातली होती.

भाऊजी ओव्हरटाइम करून येत, जेवत आणि दुर्बिणीला लागत. "सरकारनं आपल्यासाठी दिवे घालवले," म्हणत, आणि लगेच जीभ चावत.

अशाच एका संध्याकाळी त्यांनी हाक मारली. "वहिनी, जरा पाहून सांगा जी." आवाज नेहमीचाच. मी मटाराचं सूप खाली ठेवलं, पदराला हात पुसले आणि डोळा लावला. तेच कमळ. पण डागाच्या अगदी कडेला, उजवीकडे, एक टोचरा, स्पष्ट ठिपका.

"भाऊजी, एक ठिपका जास्त आहे."

"पुन्हा पहा."

"जास्तच आहे. दिवाळीत नव्हता. रांगोळी बिघडली ना याने."

मी वळून पाहिलं तर भाऊजी उपड्या बादलीवर बसले होते. परवापासून त्यांना तो दिसत होता. परवापासून या माणसाने ना बायकोला सांगितलं होतं, ना मला. दुसरा डोळा पाहील तेव्हाच तो तारा आहे म्हणायचं, असं ठरवून दोन दिवस ती गोष्ट छातीत घेऊन कारखान्यात जाऊन आले होते.

"पास," ते म्हणाले. मग, "एक तारा फुटला, वहिनी. अख्खा. आणि त्या अख्ख्या गावाच्या बरोबरीनं एकटा चमकून राहिला." याला अतिनवतारा म्हणतात, सुपरनोव्हा, आणि एवढ्याशा दुर्बिणीतून तो सगळ्यांत आधी दिसणं हे लाखांत एखाद्याच्या नशिबी असतं, हे त्यांनी मला समजावलं. "पाहायचं ते सगळं आयुष्यभर दुसऱ्यानं बनवलेलं पाहिलं. आता याच्यावर एकदा खमरियाची सही लागली पाहिजे. बस."

सही लागायला दक्षिणेतल्या मोठ्या वेधशाळेला तार करायला हवी होती. ताऱ्याची जागा, उजेड, वेळ, सगळं पाच-पाच आकड्यांच्या गटांत लिहायची पद्धत. भाऊजींनी ते फार सुबक लिहिलं आणि शहरातल्या तारघरात गेले. खिडकीतल्या बाबूने कागद वाचला, पत्ता वाचला, पुन्हा कागद वाचला. दारूगोळ्याच्या कारखान्यातला माणूस, ऐन लढाईत, नुसते आकडे तारेने पाठवतो आहे! बाबू उठून आत गेला आणि भाऊजी तिथेच बाकावर संध्याकाळपर्यंत बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी सुरक्षेचे एक साहेब त्यांच्या घरी आले. उंच, मिशाळ, फार सौजन्याने बोलणारे. शकूताई बाहेर यायला तयार नव्हत्या म्हणून चहा मी नेला. भाऊजींनी त्या गडबडीतही साहेबांचा कप उजेडाला धरला. साहेबांनी अंधार पडेपर्यंत वाट पाहिली, दुर्बिणीला डोळा लावला आणि बराच वेळ पाहिलं.

"इसमें हिल तो कुछ नहीं रहा."

"नहीं साहब."

"ये फटा कब?"

"साहब, तब आदमी बना ही नहीं था."

साहेबांनी डोळा काढला. "तो भैया, फिर इसकी ख़बर इतनी अर्जेंट क्यों है?"

मला हसू आवरेना. भाऊजीही हसले. साहेब उठताना त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मुझे आप पर भरोसा है. पर ये नंबर अभी नहीं जाएँगे. लड़ाई ख़त्म होने दीजिए. तारा कहीं भागा जा रहा है क्या?"

"साहब, भागा ही जा रहा है," भाऊजी म्हणाले. साहेब गेल्यावर मी तणतणले, तर मलाच म्हणाले, "नाही जी. त्याच्या जागी मी असतो तर मीही रिजेक्ट केलं असतं. जे समजत नाही ते पुढे जाऊ द्यायचं नाही, हेच तर काम आहे."

लढाई संपली. खिडक्यांवरचे काळे कागद निघाले, दिराचं खुशालीचं कार्ड आलं, मी साखर वाटली. भाऊजींनी साध्या टपालाने वेधशाळेला कळवलं. उत्तर आलं की परदेशात कुणीतरी हा तारा पाहून जाहीर केला आहे, आपल्या आस्थेबद्दल आभारी आहोत. त्यांनी ते शकूताईंना वाचून दाखवलं आणि घडी घालून देवघरात ठेवलं. "शोध रिजेक्ट," एवढंच म्हणाले. त्या दिवशी त्यांनी कप न पाहता चहा प्यायला.

पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दुर्बीण पुन्हा अंगणात. "वहिनी, तारा आहे हे त्यांनी सांगितलं. कोणत्या प्रकारचा, ते नाही सांगितलं अजून." असे तारे दोन प्रकारचे असतात म्हणे. पहिल्या प्रकारचा भडकतो आणि लगेच उतरणीला लागतो, रोज थोडा थोडा विझत जातो. दुसऱ्या प्रकारचा भडकतो आणि मग त्याच उजेडावर कितीतरी दिवस थांबून राहतो, घरातून पाय न निघणाऱ्या पाहुण्यासारखा, आणि मग उतरतो. मोठ्या वेधशाळा यंत्राने उजेडाचे रंग वेगळे करून ते ओळखतात. आमच्याकडे यंत्र नव्हतं, पण रोज उजेड पाहून रेघ काढत गेलं तर तीच गोष्ट कळते. "शोध गेला तर गेला. ओळख तरी आपण पटवू. त्याच्यावर तरी आपली सही."

म्हणून शकूताईंच्या स्वयंपाकघराच्या दारामागे आलेखाचा कागद लागला. लढाईत तारेसाठी टिपलेला उजेड त्यावर सुरुवातीलाच मांडला. रोज आधी मी पाहायचं आणि शकूताईंच्या कानात सांगायचं, मग भाऊजींनी पाहून त्यांच्या कानात सांगायचं, आणि शकूताईंनी हळदीच्या हातांनी कागदावर खुणा करायच्या. माझी लाल, त्यांची निळी. "दुनियेच्या बायका दारामागे दुधाचा हिशेब लिहितात," शकूताई म्हणायच्या, "मी मेली चांदणीचा लिहून राहिले." महिनाभर त्या कागदाकडे पाहायचं नाही, असा भाऊजींचा नियम. मला तो पाळणं सोपं होतं. त्यांना किती जड गेलं असेल!

आता क्वार्टर्समध्ये दिवे होते, कारखान्यावर उजेडाचा पट्टा होता. अंगणात घोंगड्या टांगून कसंबसं जमे. शनिवारी-रविवारी मात्र आम्ही चौघं शहराच्या पलीकडच्या टोकाला, मदन महलला जायचो. शकूताईंचे भाऊ तिथे स्टेशनजवळ राहत. बसमध्ये कंडक्टर त्या नळकांड्याचं तिकीट मागे आणि भाऊजी निमूट काढत. तिथल्या किल्ल्याच्या खालच्या अंगाला मोठमोठे काळे खडक आहेत, दिवसभर तापलेले, संध्याकाळी पाठ टेकली तर ऊबदार. खाली स्टेशनचे दिवे, मधूनच एखाद्या गाडीची शिट्टी, आणि पश्चिमेकडे कलत चाललेलं आमचं वाकडं कमळ. शकूताई डब्यातून गूळपोळी काढत. हे दोघं पुरुष बदल्या-बढत्यांचं बोलत. मला तिथे कधी कधी वाटे की आपण कुणाचं लांबचं घर राखायला बसलो आहोत, घरमालक केव्हाच गेलेत आणि दिवा तेवढा लागलेला आहे.

महिना झाला तेव्हा कागदाकडे पाहायचं ठरलं. दारामागे कंदील धरला. लाल रेघ सपाट होती. निळी रेघ संक्रांतीपर्यंत तिच्यासोबत चालली होती आणि तिथून खाली, खाली उतरत गेली होती. माझ्या मते तारा दुसऱ्या प्रकारचा होता, भाऊजींच्या मते पहिल्या.

माझे यजमान म्हणाले, "मालतीला काय कळतं त्यातलं? तुमची रेघ धरा." मलाही तेच वाटत होतं. भिंगाखाली जन्म काढलेला माणूस एकीकडे आणि मटार सोलणारी मी दुसरीकडे. पण भाऊजी नियमाला पक्के. "डबा दोघांत वेगळा निघाला की आधी तपासणारे तपासायचे," ते म्हणाले.

त्या शनिवारी खडकावर दुर्बीण लावून त्यांनी आधी स्वतः पाहिलं. फार वेळ पाहिलं. मग मला बसवलं.

"तुम्ही उजेड ठरवता कसा?"

"कसा म्हणजे? बाजूच्या ठिपक्यांशी ताडून. वरच्या उजव्याएवढा आहे अजून."

"रोज ताडता?"

"मग? तुम्ही नाही ताडत?"

भिंगाखाली एका वेळी एकच भाग असतो, त्याला शेजारी नसतो. चांगला कसा दिसतो ते त्यांच्या डोळ्यात पक्कं होतं आणि समोरचा त्याच्याशीच ताडायचा, ही त्यांची सवय. ताऱ्यालाही त्यांनी तसंच पाहिलं होतं, एकट्याला, कालच्या आठवणीशी.

"कमळाचा खालचा डावा ठिपका," त्यांनी विचारलं, "तो लहानसा. तो आहे?"

"आहे की."

"आज आहे?"

"रोजच आहे, भाऊजी. तो कुठे जाणार?"

ते खडकावर टेकले. चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. "मले तो संक्रांतीपासून दिसून नाही राहिला," ते म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून असं खेडवळ 'मले' मी पहिल्यांदा ऐकलं. त्यांच्या आईची बोली असावी ती. "तारा बरोबर आहे, वहिनी. मीच मावळून राहिलो."

शकूताई डबा आवरत होत्या. त्यांचा हात थांबला. त्यांना ते आधीपासून कळत होतं, असं मला नंतर समजलं. अंगणातल्या दोरीला भाऊजी दोनदा थडकले होते, चहा बशीत सांडला होता. पण ज्या माणसाचा सगळा अभिमान डोळ्यात, त्याला डोळ्याबद्दल काय सांगणार?

घरी परतताना यांनी बसमध्ये हलक्या आवाजात समजूत घातली. कारखान्यातली डोळ्यांची तपासणी व्हायला अजून अवकाश आहे, तोवर औषधपाणी करू, आत्ताच बोलण्याची काय गरज? निरीक्षणातून नाव निघालं की पुन्हा लागत नाही. भाऊजींनी ऐकून घेतलं. नळी मांडीवर आडवी होती, तिच्यावरून हात फिरवत म्हणाले, "चांदणीच्या बाबतीत चुकलो, तर त्या बिचारीचं काय बिघडते? दिवसा माझ्या हातून जे जाते ना, ते कोणाच्या तरी पोराच्या हातात असते. तुमच्या भावाच्याही." यांनी नळीचं दुसरं टोक आपल्या मांडीवर घेतलं.

सोमवारी सकाळी भाऊजी नेहमीसारखे सायकलवर गेले आणि सेक्शनच्या साहेबांसमोर उभं राहून स्वतःलाच रिजेक्ट करून आले. संक्रांतीपासून आपण पाहिलेला सगळा माल पुन्हा पाहावा, असंही सांगून आले. ते काम चाललं तेवढे दिवस त्या घरात कुणी नीट जेवलं नाही. मग एका संध्याकाळी ते बड्या फुहाऱ्यावरून खव्याच्या जिलब्या घेऊन आमच्या दारात. "सगळे पास!" ओरडले. "सगळेच्या सगळे. रिजेक्ट एकच, तो तुमच्यासमोर उभा आहे." आणि हसता हसता माझ्या उंबऱ्यावर बसून लहान मुलासारखे रडले. मी त्यांना रडताना पाहिलं ते तेवढंच. मीही रडले, जिलब्या गार झाल्या.

आलेख पाठवायची वेळ आली तेव्हा त्यांनी निळी रेघ पुसली नाही. दोन्ही रेघा तशाच ठेवल्या आणि खाली लिहिलं की निळा डोळा संक्रांतीपासून बाद धरावा, तारा दुसऱ्या प्रकारचा आहे. पहिली सही माझी घेतली. "तुमच्या सहीशिवाय ही माझी सही खोटी आहे, वहिनी." रेशनकार्ड सोडलं तर तोवर मी कुठे सही केली नव्हती. वेधशाळेचं उत्तर फार चांगलं आलं. यंत्रांनीही दुसराच प्रकार सांगितला होता आणि परदेशातल्या त्या गृहस्थांच्या आधीचा उजेड फक्त आमच्या कागदावर होता. शकूताईंनी तेही देवघरात ठेवलं. तोवर कमळ संध्याकाळच्या उजेडात बुडालं होतं. पुन्हा वर आलं तेव्हा त्यात जास्तीचा ठिपका नव्हता.

भाऊजींना कारखान्याने नव्या मुलांना शिकवायला ठेवलं. शस्त्रक्रिया झाली, थोडं दिसू लागलं, मग पुन्हा कमी होत गेलं. निवृत्तीनंतर ते मदन महलला राहायला गेले आणि आम्ही नागपूरला. दर हिवाळ्यात मी जाई. गच्चीवर खुर्च्या टाकून बसलो की म्हणत, "सांगा जी, काय दिसते?" आणि मी दिसेल ते सांगे. शहराच्या उजेडात फार थोडं दिसे. ते मात्र सगळं पाहत. शेवटच्या वर्षांत त्यांना कप दिसत नसे, तरी तो उचलून, सवयीने दिव्याकडे फिरवून, टिचकी मारून ऐकत. निकाल देत. तो कधी चुकला नाही, असं शकूताईंचं म्हणणं.

गेल्या थंडीत शकूताईंचा फोन आला. भाऊजी झोपेतच गेले. त्रास झाला नाही. "तुझ्या निळ्या कपाचं विचारून राहिले होते परवा," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दारात रांगोळीला बसले. सुतक नव्हतं, तरी काढावी की नाही असं क्षणभर वाटलं. मग हातच पुढे झाला. मधे पुसट डाग, वर दोन, खाली दोन, बाजूंना एकेक, खालचा डावा अगदी बारीक. आणि डागाच्या उजव्या कडेला, चिमटी थोडी सैल सोडून, एक ठसठशीत. तेवढ्यात सून दूध घेऊन आली आणि थबकली. तिला मी यातलं कधी काही सांगितलेलं नव्हतं.

"आई, कमळ काढताय ना? एक ठिपका जास्त पडलाय."

"पुन्हा पहा."

तिने पिशवी खाली ठेवली, वाकून पाहिलं. "हो. जास्तच आहे. पुसू का?"

"नको," मी म्हटलं. "पास आहे तो."